चिखलखाना

इंद्रभानच्या दुकानातल्या फळीवर बसलेल्या भुलाबाईनं मनकर्णाबाईकडं पाहिलं नाही. झालं ते एवढंच. भाद्रपदातली चिकट दुपार, खामगावचा भर बाजार, सरकीच्या गाड्या एकमेकींत अडकून पडलेल्या आणि बैल शेजारच्या बैलाच्या अंगावरच्या माशा मोजत उभे. कोणी मेलं नव्हतं, कुठं आग लागली नव्हती. पण मनकर्णाबाईच्या हातातली पिशवी सुटली आणि वांगी रस्ताभर गडगडली. त्यातलं एक वांगं म्हणे गडगडत स्टेशनापर्यंत गेलं, जलंबच्या गाडीत चढलं आणि थेट भुसावळला उतरलं. लोक काहीही सांगतात. वांगं नांदुऱ्याच्या पुढं गेलं नसावं.

ती फळीपुढं उभी राहिली. उद्या पुनव. उद्यापासून महिनाभर घराघरांत ही मातीची जोडी बसणार, भुलाबाई आणि शेजारी तिचा भुलोजी, मांडीवर बाळ गणोबा, डोक्यावर ज्वारीच्या धांड्यांचं मखर. आळीतल्या पोरी तिच्यापुढं गाणी म्हणणार आणि झाकल्या डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखत भांडणार. या फळीवरच्या साऱ्या जोड्या मनकर्णाबाईच्याच वखारीतून आलेल्या, आणि तिथल्या पंचफुलाच्या हातच्या. पंचफुलाची भुलाबाई समोर पाहायची. नुसती समोर नाही. तुम्ही डावीकडं सरकलात की डावीकडं, उजवीकडं सरकलात की उजवीकडं. गेल्या वर्षी एक हवालदार या फळीपुढून सायकलवर चालला होता, तो उतरला, टोपी नीट केली आणि कोपऱ्यापर्यंत सायकल हातानं ढकलत गेला. तशी ती नजर. आणि आज या बाया खाली पाहत होत्या. पापण्या अर्ध्यावर ओढलेल्या, बुबुळं गणोबाच्या टकलावर टेकलेली, ओठ तेच, नाक तेच, पण सगळ्या कशा चुलीवरचं दूध उतू घालवून बसल्यासारख्या.

“काय पाह्यता, मावशी? यंदा मस्तच झाल्या,” इंद्रभान गादीवरून म्हणाला. “डोये कसे सालस आहेत! सकायपासून तीन आया सांगून गेल्या, आमची जोडी बाजूले ठेवजो म्हणून. मांगच्या वर्सी माह्यी म्हातारीच म्हणे, इंद्रा, हे देवी होय का जमादार?”

“हे डोये कोणं केले?”

“आता घ्या! तुमच्याकडूनच त रंगून आल्या. मले काय मालूम?”

मनकर्णाबाईनं एक भुलाबाई उचलली, नखानं पापणीची कड खरवडली आणि नख नाकाशी नेलं. हिंग. तिच्या वखारीतला काळा रंग तिळाच्या तेलाच्या काजळीत बाभळीचा डिंक घोटून होत असे, आणि डिंकाला मुंग्या लागतात म्हणून त्यात चिमूटभर हिंग. साऱ्या वऱ्हाडात वरणाचा वास येणारे डोळे दुसऱ्या कोणाचे नव्हते. म्हणजे परका कोणी नाही, तिच्याच वखारीत बसून, तिच्याच वाटीत कुंचला बुडवून कोणीतरी या बायांच्या माना न वाकवता त्यांना वाकवलं होतं. राग असता तर तिनं ओळखला असता, राग तिच्या घरचाच होता. हे वेगळं होतं. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. वांगी तशीच टाकून ती निघाली.

खाली पाहणं म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं. पिंपळगाव राजाहून लग्न होऊन ती खामगावात आली तेव्हा डोक्यावरचा पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत, आणि पदराखालून दिसेल तेवढंच जग. पुढची किती वर्षं तिनं हे गाव गुडघ्याच्या खालीच पाहिलं. खामगावात तिला माणसं नव्हतीच, पाय होते. सासूच्या अंगठ्यावरून तिला कळायचं आज भाकरी जाड होणार की पातळ. जाऊबाईच्या टाचेवरून कळायचं घरात कोण काय बोललंय. एकदा दारात दोन पाय येऊन उभे राहिले, धुळीनं भरलेले, बोटं आखूड, आणि ती आत जाऊन म्हणाली, माहेरचं माणूस आलंय, पाय धुवायला पाणी द्या. आणि खरंच तिचा भाऊ होता. नवरा वामनराव कापसातली सरकी काढायच्या जिनातल्या इंजिनावर होता, त्याचे पाय तेलानं काळे, त्या पायांशी तिचा संसार चांगला चालला होता. मग एका उन्हाळ्यात जिनाच्या आवारातल्या कापसाच्या गंजीनं पेट घेतला. ज्वाळा अशा उंच की बुलढाण्याच्या घाटावरच्या कोंबड्या पहाट झाली समजून आरवल्या, असं सांगतात. सगळं गाव वर पाहत होतं, तशी तीही वर पाहत राहिली, पदर केव्हा खांद्यावर आला कळलंच नाही, आणि बाजूला वळली तर शेजारी एक बारकासा, घाबरलेला, चिमणीएवढ्या तोंडाचा म्हातारा उभा. पायांकडं पाहिलं तेव्हा ओळख पटली. सासरे. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं तिच्या हातातलं भांडं पडायचं, ते हे. त्यांनी डोळे वटारले, आणि तिनं, काय झालं तिचं तिलाच ठाऊक नाही, परत वटारले. त्या दिवसानंतर तिनं मान खाली घातली ती फक्त माती तिंबताना.

वामनराव गेल्यावर आणि ते जिनही बंद पडल्यावर आवारातल्या मागच्या वखारीला कोणी विचारीना. छपराला भोकं, आणि त्यात भुताचं इंजिन शिट्टी मारतं अशी बोलवा. मनकर्णाबाईनं मालकाच्या दिवाणजीला सांगितलं, “ती शिट्टी माह्या नवऱ्याची होय, मी पाह्यतो त्याचं काय ते,” आणि कुलूप उघडून आत जाऊन बसली. आधी एकटीच. लहानपणी पोळ्याला मातीचे बैल करायची ते हातात होतं. तळ्याकाठची काळी माती, तिच्यात जिनाच्या कानाकोपऱ्यांत साचलेली कापसाची भुकटी घालून दगडावर बडवायची, इतकी की माती आणि कापूस एकमेकांचं नाव विसरतील; मग ती वाळताना तडकत नाही. मग एक एक जण यायला लागलं. तारेच्या ऑफिसातून पेन्शनीत निघालेला एक गृहस्थ, जो फक्त कोंबड्या करायचा, आणि त्याच्या साऱ्या कोंबड्यांचं तोंड त्याच्या साहेबासारखं. झुंबरबाई शिंपीण, जिची माणसं बिनहातांची, कारण हात करायला घेतले की तिला बाह्यांची आठवण येऊन जीव विटायचा. सिनेमाचे बोर्ड रंगवणारा शेषराव, वामनरावाचा दोस्त, जो रंगाचं पाहायचा. आणि पंचफुला, जी विहाराकडच्या वस्तीतून भुकटी झाडून न्यायला आली होती आणि झाडता झाडता बसली ती बसलीच. नगरपालिकेचा एक मेंबर दारावरून जाताना म्हणाला, “दवाखाना पाह्यला, तोफखाना आयकला, हा चिखलखाना कोणं काढला बे?” दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं शेषरावाकडून फळी रंगवून घेतली, अक्षर एवढं मोठं की आवारात शिरलेला माणूस आधी वाचायचा आणि मग श्वास घ्यायचा: चिखलखाना. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. राज्याचा बोर्ड आधी लागला की हा, यावर अजून वाद आहे.

नियम एकच होता. दुसऱ्याच्या गोळ्याला हात लावायचा नाही. नाक वाकडं असेल तर ते त्याचं वाकडं. कोंबडीला साहेबाचं तोंड असेल तर साहेबाचं नशीब. आणि डोळे शेवटी, दारातल्या उजेडात बसून, ज्यानं केलं त्यानंच काढायचे. कोणी शिकवा म्हटलं तर मनकर्णाबाई म्हणायची, “शिकवायले मी कोण? बसा, करा, मोडा.” या नियमाचा तिला गर्व होता, आणि त्याहून मोठा गर्व याचा, की कोणती रेघ कोणाच्या हातची हे ती डोळे मिटून बोटानं सांगायची. तशी पैज लावून तिनं एकदा तारवाल्याकडून जिलेबी खाल्ली होती.

तर ही सगळी वाट, बाजार ते जिन, ती चालत आली आणि चालता चालता तिच्या डोक्यात एकच नाव बसलं. पंचफुला. दुसरं कोण? त्या बाया तिच्या, वाटी तिच्या हाताशी. आणि पोरीवर दोन्हीकडून रेटा होता हे मनकर्णाबाईला दिसत होतं. तिचे सासरे पुंजाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांनी घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते, आणि आता सून दुसऱ्यांचे देव घडवून राहिली म्हणून ते तिच्याशी महिना महिना बोलत नसत. इकडं बाजारात कुजबुज, की भुलाबाई कोणाच्या हातची आहे ते विचारून घ्या बाई, आजकाल सांगता येत नाही. अशा वेळी माणूस वाकतं. मनकर्णाबाईला वाटलं, वाकली. वाटलं, आणि त्या वाटण्यात तिला एक खोटं समाधानही होतं, की मी किती समजून घेते. वखारीच्या दारात पंचफुला उजेडाकडं तोंड करून एका भुलोजीच्या मिशा काढत बसली होती.

“काऊन व, पंचफुले,” मनकर्णाबाई दम न घेता म्हणाली, “भेली काय तू? मले सांगतलं असतं. डोये खाली घालाचे होते त आधी मले सांगाचं.”

पंचफुलाचा हात मिशीच्या मध्यावर थांबला. “कोणाचे डोये?”

“इंद्रभानच्या फळीवरच्या. साऱ्या भुलाबाया पायाकडं पाहून राह्यल्या. मी रागावली नाही, समजते मले—”

“काय समजते तुमाले?” पंचफुला उठली. तिनं कुंचला पाण्यात खळबळला, झटकला, आडवा ठेवला. हे सगळं इतकं सावकाश की मनकर्णाबाईला आपल्याच बोलण्याचा आवाज परत ऐकू आला. “बाई, घरी मामाजी म्हणतात देवायले हात लावू नको. म्या त्यायले सांगतलं, मी पूजत नाही, मी माती करून राह्यली, अन् माह्या मातीनं कोणापुढं मान खाली घातली त मले सांगजा. बाजारात बाया म्हणतात, हिच्या हातची नको. त्यायले बी म्या कधी मान नाही खाली घातली. अन् तुमी? बोटानं रेघ वळखता ना तुमी? तारवाल्याची जिलेबी खाल्ली ना? माह्यी रेघ नाही वळखू आली तुमाले?”

मनकर्णाबाईनं हवेत बोटानं ती पापणी पुन्हा ओढून पाहिली. खरंच की. फळीवर ती पापणी अशी ओढली होती, डावीकडून उजवीकडं, शेवटाला बारीक हिसका देऊन. पंचफुला डावरी. तिची रेघ उजवीकडून निघते आणि शेवटाला जाड होते. हे तिला नखाशी हिंग होतं तेव्हाच दिसायला हवं होतं. पण तिनं रेघ पाहिलीच नव्हती. तिनं आधी पाहिली होती वस्ती, विहार, पुंजाजी, बाजारातली कुजबुज, आणि या सगळ्यावरून रेघ कोणाची ते ठरवून टाकलं होतं. पंचफुला दाराबाहेर पडली तेव्हा मागं वळून एवढंच म्हणाली, “आता मी नाही येत. तुमच्या भुलोजीच्या मिशा तुमीच काढा.” अर्ध्या मिशीचा भुलोजी दारात बसून राहिला. त्याला पाहून एरवी हसू आलं असतं.

डावीकडून उजवीकडं आणि शेवटाला हिसका. बोर्डावरच्या अक्षरांना असा हिसका असतो. शेषराव आतल्या खोलीत पिवळा रंग घोटत होता, त्यानं काही लपवलं नाही, उलट हसला. “हाव ना, म्याच केले. वैनी, तुमी पंचफुलेच्या भल्याचं पाह्यता का नाही? गिऱ्हाईक बिचकून राह्यलं होतं. इंद्रभान म्हणे, एवढे डोये तेवढे नरम करून दे, मग हात कोणाचा हे कोणी इचारत नाही. म्या रातोरात... काय वाईट केलं? देवी कशी देवीसारखी दिसून राह्यली!”

“नियम मालूम होता?”

“नियम गोळ्याचा होता. डोये तिनंच काढले होते, म्या वरून नुसता रंग फिरवला. रंग माह्याकडं आहे.” तो खरंच असं समजत होता. मनकर्णाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला त्यात लबाडी सापडेना. सापडली असती तर बरं झालं असतं, लबाडीला शिव्या देता येतात. याला वाटत होतं त्यानं एका बाईला वाचवलं. आणि आपल्याला काय वाटत होतं मघाशी दारात? तेच की. आम्ही सारे तिला वाचवत होतो. एकानं तिच्या बायांचे डोळे पाडून वाचवलं, दुसरीनं ती भ्याली असेल असं समजून घेऊन वाचवलं. तिला आपल्या अंगाचा वास आला, हिंगाचा.

“बरं, चुकलं म्हणा,” शेषराव म्हणाला. “उद्या पुनव आहे. आणा त्या जोड्या इकडं, मी अंधारून झाकट पडेपर्यंत सारे डोये वर करून देतो. पंचफुलेची रेघ मले हुबेहूब येते. डाव्या हातानं काढतो. खुद्द तिले नाही समजणार.”

येत होती त्याला. मनकर्णाबाईला ठाऊक होतं, शेषराव रेल्वेच्या साहेबाची सहीसुद्धा हुबेहूब काढायचा आणि साहेब स्वतःची सही पाहून विचारात पडायचा. क्षणभर तिचा जीव त्या बाजूला ओढला गेला. सगळं निस्तरेल. फळी पुन्हा समोर पाहायला लागेल, पोरी गाणी म्हणतील, पंचफुला आठ दिवसांनी येईलच. आणि तिच्या जागी तिची हुबेहूब रेघ असेल. मग पंचफुलाची गरजच काय? चिखलखान्यात माणसं नकोत मग, नुसत्या वाट्या पुरेत. तिनं पाण्याची बादली उचलली. “चाल माह्यासंगं,” ती म्हणाली. “डोये वर नाही कराचे. पुसाचे.”

इंद्रभाननं पुष्कळ आरडाओरडा केला. मनकर्णाबाई त्याच्या दुकानाच्या पायरीवरच बसली, ओलं फडकं घेऊन, आणि एकेका भुलाबाईचे डोळे पुसत गेली. शेषराव तोंड पाडून जोड्या हातात देत होता. हिंगाच्या वासानं दोन कुत्री येऊन बसली. “मावशी, देवी आंधयी करून राह्यल्या तुमी! पाप लागंल! उद्या पोरी आल्या त काय सांगू?”

“सांगजो, डोये चिखलखान्यात भेटतात.”

“अन् तिथं भेटतात?”

“नाही,” मनकर्णाबाई म्हणाली. “पण सांगजो.”

पुनवेला दुपारी पोरी चिखलखान्यात आल्या. सगळ्या नाही. निम्म्याहून जास्त आयांनी दुसऱ्या गल्लीतून साच्यातल्या जोड्या नेल्या, गालावर दोन लाल ठिपके आणि डोळे कुठंच न पाहणारे. ज्या आल्या त्या हट्टानं आल्या, कोणी गेल्या वर्षीसारखीच पाहिजे म्हणून, कोणी नुसतं आंधळी देवी पाहायला. मनकर्णाबाईनं दुकानातून परत आणलेल्या जोड्या टोपल्यात भरल्या, एक टोपलं आपल्या डोक्यावर घेतलं, काजळीची वाटी कमरेला लावली आणि म्हणाली, “डोये पंचफुलाच्या घरी आहेत. चाला.” आणि बाजाराच्या मधोमध ती वरात निघाली. पुढं डोक्यावर आंधळ्या देवींचं टोपलं घेतलेली म्हातारी, मागं पोरींची रांग, त्यांच्यामागं दुसरं टोपलं घेऊन शेषराव, आपण या माणसांत नाही असं दाखवत. पानवाल्यानं विचारलं, “मनकर्णाबाई, कोठी?” तिनं सांगितलं, डोळ्यांच्या दवाखान्यात. कुठलीशी आई दारातून ओरडली, “कुठल्या वस्तीत नेऊन राह्यली व पोरीले?” मनकर्णाबाईनं चाल वाढवली. तिचं अंग ताठ होतं, पण विहार दिसायला लागला तशी तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि टोपल्याचा भार एकदम मानेत उतरला. पंचफुलाचं घर कोणतं, ते तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं पंचफुलाच्या हातची भाकरी वखारीत खाल्ली होती, सगळ्यांना दाखवून खाल्ली होती, तिच्याबद्दल बाजारात भांडली होती, आणि या वस्तीच्या वाटेला ती एकदाही आली नव्हती. कोणी अडवलं नव्हतं. यावं असं सुचलंच नव्हतं. चिखलखाना सगळ्यांचा आहे म्हणताना तिच्या मनात सगळे तिकडं येत होते. ती कुठं जात नव्हती.

विचारत विचारत गेल्यावर एका ओसरीवर पांढऱ्या टोपीतला, काटक म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्यानं चष्म्यावरून टोपलं पाहिलं, पोरी पाहिल्या. “कोण पाह्यजे?”

“पंचफुला. मी मनकर्णाबाई.”

“हं. ते तुमीच का.” पुंजाजींनी पेपराची घडी घातली. “आमी देव सोडून दिले, बाई. तुमी टोपलंभर घेऊन आल्या.”

“आंधये आहेत,” मनकर्णाबाई म्हणाली.

पंचफुला दारात आली. तिनं टोपल्यात डोकावून पाहिलं, एक भुलाबाई उचलली, पुसलेल्या जागेवर अंगठा फिरवला. शेषराव पोरींच्या मागं लपायला पाहत होता, पण पोरी बुटक्या होत्या. “म्या पुसले,” मनकर्णाबाई म्हणाली. “तो म्हणे हुबेहूब काढून देतो. म्या म्हटलं, हुबेहूब नको. अन् काल म्या जे म्हटलं... मले रेघ दिसत होती, पंचफुले. म्या पाह्यलीच नाही.”

“ते मले मालूम आहे,” पंचफुला म्हणाली, आणि त्यात माफी नव्हती. तिनं वाटीसाठी हात पुढं केला. मग सासऱ्यांकडं वळली. “मामाजी, तुमी म्हणान तर नाही काढत.”

पुंजाजी पोरींकडं पाहत होते. पोरी ओसरीच्या कडेला बसल्या होत्या, एकीनं तर त्यांच्या पेपरवर मांडी ठोकली होती. “देवायले डोये द्याचे म्हंजे आपलं काम नाही,” ते म्हणाले.

“देवाले नाही देत. या पोरींच्या घरी कोणीतरी समोर पाह्यणारं पाह्यजे ना.”

पुंजाजींनी पोरीच्या खालून पेपर ओढून काढला. “मंग उजेडात बस,” ते म्हणाले. “भिंतीआड डोये बिघडतीन.”

पंचफुला ओसरीच्या कडेला बसली आणि डाव्या हातानं, उजवीकडून डावीकडं, काढायला लागली. प्रत्येक पोरीला विचारी, “तुयीनं कोणाकडं पाह्याचं?” एक म्हणाली, दाराकडं. एक म्हणाली, काकाकडं, तो चुगल्या करतो. एक लाजून म्हणाली, माझ्याकडं. मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली. तिच्या हाती काही काम नव्हतं, आणि काम नसलेले हात तिला परक्याचे वाटत होते. पंचफुलानं पितळी पेल्यात पाणी आणून ठेवलं आणि ती ते प्याली, सगळं, आणि पिताना तिला जाणवलं की ती हे पाणी फार पितेय, कोणी पाहावं असं. तिनं पेला खाली ठेवला आणि मग उरलेल्या तहानेनं आणखी मागितलं. तेव्हा ते नुसतं पाणी झालं.

तेवढ्यात सरस्वतीबाई आली. तेलघाणीची मालकीण, अंगानंही तशीच, वळायला जागा लागणारी. तिनं कोणाशी न बोलता आपल्या पोरीचं मनगट धरलं आणि उचललं. पोरीनं भुलाबाई सोडली नाही. पंचफुलाच्या कुंचल्यानं तिचा एक डोळा नुकताच पुरा केला होता, उजवा. डाव्याची जागा कोरी होती. “अवं थांबा, एक राह्यला!” पंचफुला म्हणाली. सरस्वतीबाई थांबली नाही. पोर रडत, फरपटत, काखेत एकडोळी देवी धरून गेली, आणि ती देवी वळणापर्यंत त्या एका डोळ्यानं सरस्वतीबाईच्या पाठीकडं पाहत होती. “जाऊ दे,” शेषराव म्हणाला. “जाणार कोठी,” पंचफुला म्हणाली, आणि पुढची भुलाबाई हातात घेतली.

त्या रात्री खामगावात काय झालं ते ज्याला त्याला आपापलं सांगता येईल. सरस्वतीबाईच्या घरी पोरी गाणी म्हणायला जमल्या आणि पहिल्याच गाण्याला अडकल्या, हे मात्र खरं. एका डोळ्याच्या भुलाबाईपुढं गाणार कोण? झाकावी तर देवी झाकायची कशी, पाण्यात शिरवावी तर महिना व्हायच्या आत शिरवायची कशी, आणि एकदा बसवलेली उठवून साच्यातली आणावी तर ते सरस्वतीबाईच्या सासूला चालेना. दुसऱ्या डोळ्यासाठी शेजारच्या पेंटराला बोलावलं, त्यानं देवीकडं एकदा पाहिलं आणि घरी काम आहे म्हणून गेला. देवी रात्रभर एका डोळ्यानं सगळ्यांकडं पाहत राहिली, आणि म्हणे तेलघाणीचा बैल सकाळी उलटा फिरायला लागला.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई पंचफुलाच्या ओसरीवर माती तिंबत होती. पंचफुलानं सांगितलं होतं, “मी तिकडं येत नाही. तुमाले पाह्यजे त तुमी या, माती घेऊन या.” मनकर्णाबाई त्यावर तासभर भांडली, चिखलखाना काय उचलून आणता येतो काय म्हणाली, आणि सकाळी माती घेऊन आली. आपली फळी, आपलं दार, आपला उजेड सोडून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसताना गुडघे दुखत होते, आणि राग येत होता, चांगला, घरचा राग, ज्यानं हात जोरात चालतात. पुंजाजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते, जणू काही मातीला बातम्या कळल्या पाहिजेत.

ऊन चढल्यावर सरस्वतीबाई आली. एकटीच, छत्री उघडलेली, पदराखाली फुगवटा. ती ओसरीच्या कडेला उभी राहिली, इकडंतिकडं पाहिलं, आणि शेवटी बसली, अर्धी ओसरीवर आणि अर्धी आपल्याच मोठेपणावर. पदर बाजूला करून तिनं एकडोळी भुलाबाई पुढं ठेवली. “लवकर काढ,” ती म्हणाली. “मले घरी काम आहे.”

पंचफुलानं कुंचला उचलला नाही. ती आत गेली, दोन पेले भरून आणले, एक मनकर्णाबाईपुढं, एक सरस्वतीबाईपुढं. “उनातून आल्या,” ती म्हणाली. “पाणी घ्या.” आणि हात मांडीवर ठेवून बसली. पुंजाजींचं वाचन थांबलं. मनकर्णाबाईला वाटलं आता काहीतरी बोलावं, एखादा चिमटा काढावा, हे सगळं हलकं करून टाकावं, तिला ते येत होतं, आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. तिनं बोटं मातीत खोल खुपसली आणि तोंड मिटून ठेवलं. सरस्वतीबाईनं पेल्याकडं पाहिलं. देवीकडं पाहिलं, देवीनं तिच्याकडं आधीच पाहिलेलं होतं. मग सरस्वतीबाईनं पेला उचलला, डोळे मिटून एरंडेल घ्यावं तसा घशात ओतला, ओठ पुसले, आणि आपली सगळी तेलघाणी आवाजात आणून म्हणाली:

“नुस्तं पाणीच? तुमच्याकडं गूळ द्याची पद्धत नाही का व?”

“गूळ पाव्हण्यायले,” पंचफुला म्हणाली. “तुमी त गिऱ्हाईक.” आणि डाव्या हातानं तिनं कुंचला काजळीत बुडवला.